ओढ्याअलीकडच्या अक्का

डब्यात सुटी बटणे टाकत जावीत आणि एके दिवशी झाकणच लागू नये, तसे अक्कांच्या किश्श्यांचे झाले आहे. अक्का म्हणजे आमच्या आमदार. मेंढरे राखणाऱ्या घरातल्या, शिक्षण चौथीपर्यंत. मी जुनी मॅट्रिक. त्यांच्या परभणीच्या कार्यालयात दहा वर्षे पत्रे लिहिली.

पहिलेच पत्र मी मोठ्या डौलात वाचून दाखवले. अक्कांनी शांतपणे ऐकले.

"बाई, समदं झ्याक हाय. पण ह्यात हातपंप कुठं हाय?"

हातपंप तिसऱ्या पानावर होता.

*

काही पुढारी शिफारसपत्रांवर दोन रंगांत सह्या करतात. एका रंगाचा अर्थ 'काम करा', दुसऱ्याचा 'नुसते ठेवून द्या'. एका अधिकाऱ्यांनी अदबीने फोनवर विचारले, "अक्का, आपला खरा रंग कोणता समजायचा?"

"साहेब, माझ्याकडं एकच पेन हाय. जे व्हायचं न्हाई, त्याचं पत्रच मी देत न्हाई."

*

पूर्णेकडच्या एका वाडीतून उमाबाई आली. वाडी आणि शाळा यांच्यामध्ये ओढा. पाणी चढले की मुली घरी. तिच्या नातीची परीक्षा त्यातच बुडाली होती.

"लय ऐकली आश्वासनं," ती म्हणाली. "पूल न्हाई, तवर मत मागायला ओढा वलांडू नको, अक्का."

"न्हाई वलांडत."

मी वही उघडली, तर अक्कांनी हात आडवा केला. "लिहू नका, बाई. लिहिलं की माणूस इसरायला मोकळं."

*

विधानसभेत अक्कांनी पुलाचा प्रश्न लावून धरला. मंत्रिमहोदय म्हणाले, प्रस्ताव विचाराधीन आहे.

"मग तुमचा विचार होईस्तोवर पाण्याला थांबायला सांगा."

सारे सभागृह हसले. अक्का हसल्या नाहीत. मंजुरीही आली नाही.

*

निवडणूक तोंडावर आली. कार्यकर्ते काकुळतीला आले. "अक्का, नुसतं भूमिपूजन तरी करा. एक फोटो निघला की वाडी आपली."

"मंजुरी न्हाई, अन् नारळ फोडून काय चटणी करू?"

प्रचाराची गाडी प्रत्येक वेळी ओढ्याच्या काठावरून माघारी वळली. विरोधी उमेदवार ट्रॅक्टरवर बसून पलीकडे गेले, हात जोडून आले. वाडीने त्यांनाच मते दिली. अक्का पडल्या, आणि त्याही वाडीत जितकी मते होती त्याहून कमी फरकाने.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मला घेऊन निघाल्या. ओढ्यात गुडघाभर पाणी होते. त्यांनी लुगडे खोचले आणि त्या सरळ आत शिरल्या. आयुष्यात प्रथमच मी चपला हातात धरून चारचौघांदेखत चालले.

उमाबाई दारात शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"आता कशाला आलीस? आमी तुला मत दिलं न्हाई."

"ठावं हाय. म्हणून तर आले. आता मागायचं काय राहिलं न्हाई."

मग उमाबाईने सूप बाजूला सारून घोंगडी अंथरली. अक्का घोंगडीवर टेकल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"बाई, कागद काढा. नव्या आमदारांना पुलाचा अर्ज लिहायचाय. पहिला अंगठा उमाबाईचा. खाली माझी सही."