भुऱ्याच्या वाटचा रोडगा

नंदाबाईशी भांडायचं तर आधी पोटभर जेवून घ्यावं, असं पवनेकडच्या त्या वाडीत म्हणतात. दिवसभर कामशेतच्या भातगिरणीत पोती शिवून बाई घरी येते, तरी तोंडाला थकवा म्हणून नाही. नवरा वारला, लेक सासरी गेली. घरात उरला भुऱ्या. तो कुत्रा आहे, पण हे तिच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नाही.

यंदा पाऊस उघडला आणि भुऱ्या खाजवायला लागला. पंजे चाटून चाटून ओले, कान लालबुंद, पोटावरचे केस झडलेले. सगळ्या वाडीने एकमुखाने निकाल दिला, की ही लूत. औषधही ठरलेलं, गॅरेजमधलं जळकं ऑइल. नंदाबाईनेही ते चोपडलं. भुऱ्याने अंग चाटलं आणि दोन दिवस नुसता ओकत पडला. तेव्हा तिने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

दसऱ्याला वाडीतले थोरले सोपानआबा दारात आले. पोराबाळांना लागण होईल, कुत्र्याला घाटात सोडून ये म्हणाले. चार माणसं मागे माना डोलवत होती. नंदाबाईने चंपाषष्ठीपर्यंत मुदत मागून घेतली आणि वर बजावलं, "तवर ह्याला कुनी हात लावला तर गाठ माझ्याशी हाय."

दुसऱ्या दिवशी ती भुऱ्याला टेम्पोत घालून कामशेतला डॉक्टर श्रद्धाकडे घेऊन गेली. पोरगी वयाने लहान, पण कामाला चोख. तिने कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लुतीचे किडे नव्हते. ही ॲलर्जी आहे, कुणाला लागत नाही, म्हणाली. ऑइलवरून मात्र तिने नंदाबाईला असं झापलं, की बाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. मग खायला काय घालता, असं विचारलं. नंदाबाईने ऐटीत सांगितलं, की सगळं खातो, घरोघर त्याचा घास असतो, आणि रविवारी शहरातून बंगल्यांवर येणाऱ्या पाहुण्यांचं उरलेलं चिकनही असतं. डॉक्टरीणबाईने कपाळाला हात लावला. बहुतेक तिथंच पाणी मुरत होतं. पिसवांचं औषध दिलं, अंघोळीचं दिलं आणि पथ्य सांगितलं. नेमकं काय बाधतं ते कळावं म्हणून आठ आठवडे नुसता भात आणि भुऱ्याने कधी न खाल्लेले मासे. दुसरा एक कणही नको.

सांगायला सोपं हो! दारी आलेल्या कुत्र्याला तुकडा टाकायचा नाही, हे त्या वाडीच्या रक्तातच नाही. भुऱ्याला बांधलं तर शेजारची रतनबाई कुंपणावरून भाकरी टाकायची, वर कालवणही. एकदा असंच झालं आणि तो चार दिवस खाजवत बसला. नंदाबाई सात घरांशी भांडली, तिघींनी बोलणं टाकलं. टाकेनात का! पाचव्या आठवड्यात कानांची लाली उतरली.

आणि चंपाषष्ठी आली. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि त्यातला मान कुत्र्यांचा, कारण कुत्रं देवाचं. रतनबाई ताट घेऊन दारात उभी. मागे बायका, त्यांच्या मागे मुदतीचा हिशेब घ्यायला आलेले सोपानआबा.

"देवाच्या कुत्र्याचा घास अडवतीस व्हय गं?" रतनबाई म्हणाली.

नंदाबाई हबकली. माणसांना ती जुमानत नव्हती, पण खंडोबाला भीत होती. रोडगा गव्हाचा, भुऱ्याच्या पथ्याला दोनच दिवस उरलेले. तरी तिने ताट ओढून घेतलं, उंबऱ्यातच फतकल मारली आणि रोडगा मोडून भरताला लावला.

"ह्याच्या वाटचा मी खाते," ती म्हणाली. "कोपायचं तर देवानं माझ्यावर कोपावं."

सगळ्यांदेखत तिने शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. सोपानआबा वाकले, भुऱ्याला उताणा करून पोट पाहिलं. तिथं बोटभर जागा सोडली तर सगळीकडे नवी लव आली होती.

"बरं," आबा कमरेवर हात ठेवून उठले, "ऱ्हाऊ दे मग गावात."

नंदाबाईने रिकामं ताट रतनबाईच्या हातात दिलं.

"ऱ्हाऊ दे म्हंजी? मी त्याला जाऊ देनार हुते व्हय, आबा?"