पंपाची वायर

इकडे हिंदी मुलखात, सोनागिरीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांचं विज्ञान प्रदर्शन असतं. गेल्या वर्षी माझ्या लेकीने त्यात एक चिमुकला पंखा फिरवून दाखवला. एका प्लेटच्या एका बाजूला गरम पाणी, दुसऱ्या बाजूला गार, आणि त्या फरकातून वीज. खाली तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘फरक लहान असेल तर वीज फार थोडी मिळते. त्यावर घर चालणार नाही.’

मंडळाचे अध्यक्ष, कारखान्यातून रिटायर झालेले मोठे साहेब, परीक्षक होते. त्यांनी ते माइकवरून वाचलं आणि म्हणाले, "अरे भई, ही तर लढायच्या आधीच हरली!" सगळा मांडव हसला. पोर मांडवामागे जाऊन रडली. पंखा माळ्यावर गेला आणि मी वर्षभर दातओठ खात राहिलो.

यंदा साहेबांनी जाहीर केलं, बाप्पाची रोषणाई गरम-गार पाण्यावर! गच्चीवर उन्हात तापलेली काळी टाकी, बोअरचं गार पाणी आणि मध्ये प्लेटांची रांग. माझी सगळी नोकरी टर्बाइनवर गेली आहे. एवढ्याशा फरकात उत्तमातलं उत्तम यंत्र लावलं, तरी उष्णतेच्या शंभर भागांतले पाच-सहाच वीज म्हणून हाती येतात. निसर्ग त्याहून जास्त देतच नाही. या प्लेटा तर एखादा भाग देतील, आणि पाणी खेळतं ठेवायला पंप हवाच. त्या पंपाची वायर मी आदल्या दिवशी पाहून ठेवली होती. ती मंडळाच्या मीटरवर होती. साहेबांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मुद्दाम नाही सांगितलं.

आरतीआधी दिव्यांची माळ लागली, टाळ्या पडल्या. मी पुढे झालो.

"साहेब, आता पंपही याच विजेवर लावू या का?"

माइक सुरूच होता. "लगाओ भई, लगाओ!" साहेब म्हणाले.

इलेक्ट्रिशियनने वायर बदलली. पंप फिरलाच नाही, वर माळही विझली. साहेब घामाघूम होऊन बटणं दाबत राहिले. मला त्यांची जराही कीव आली नाही. मी माइक घेतला आणि लेकीची ती दोन वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. मग समईच्या उजेडात आरती झाली.

घरी येताना मी लेकीला विचारलं, "पुढच्या वर्षी पंखा ठेवशील ना?"

"ठेवीन," ती म्हणाली. "पण बाबा, परीक्षक तेच हवेत."