चौका घाटातली उतरण

परवा दुकानात एका सायकलीला कॅरियर बसवताना पाहिलं आणि चौका घाटातली ती झुडपांमधली उतरण आठवली. मी सायकलवरून त्या कच्च्या वाटेनं वेगात येत होतो, तेवढ्यात एका मेंढपाळानं आडवा हात करून थांबवलं. बाजूला त्याची बायको सुजलेला पाय धरून बसली होती. "साप चावलाय हिला. मागं बसवून सडकेपर्यंत न्या, साहेब." माझ्या महागड्या सायकलीला मागं बसायला जागाच नव्हती. फोनला रेंजही नव्हती. "नाय बसता येत?" एवढंच म्हणून त्यानं तिला पाठीवर घेतलं. तिच्या चपला उचलून मी पुढं गेलो आणि सडकेवर कसाबसा एक टेम्पो थांबवला. तो तिला घेऊन पोचला, तसा टेम्पो दोघांना घेऊन निघून गेला, चपला माझ्या हातातच राहिल्या. ती वाचली का, हे मला आजही माहीत नाही.