रंगाआधीची जेली

जेलीकाकू होत्या तोवर रायपूरच्या बुढापारा भागातल्या आमच्या गल्लीत होळीच्या सकाळी गालाला पहिलं बोट लागायचं ते रंगाचं नव्हे, त्यांच्या डब्यातल्या पेट्रोलियम जेलीचं. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा नोकरीपायी मी नागपूरहून इथे आलो आणि त्यांच्या समोरच खोली घेतली. पहिल्याच होळीला जुना सदरा चढवून बाहेर पडलो, तर ओट्यावरून हाक आली, "ए पोट्ट्या, असा कोरडा कुठं चालला?" मग कानांमागे, नखांच्या कडांना, कपाळावर केसांपर्यंत त्यांनी अशी जेली चोपडली की मी आरशात बघायचं टाळलं. संध्याकाळी रंग मात्र एका धुण्यात गेला.

एरवी काकूंचं लक्ष आमच्या टाचांवर. थंडी पडली की सुरू, "आंघोळ झाल्याबरोबर, अंग ओलं आहे तवाच लाव. हे काही देत नाही बाप्पा, आहे ते जाऊ देत नाही." तोंडावर मुरुमं असलेल्या पोरींना मात्र त्या डब्याला हात लावू देत नसत. काकांच्या भेगाळलेल्या टाचांना स्वतः जेली लावायच्या. रेल्वेच्या नोकरीत उभ्याने जन्म काढलेले काका आमच्यादेखत लाजून पाय ओढून घ्यायचे.

काका माघात गेले, आणि लगेच होळी आली. वर्षाच्या आत कोणी गेलेलं असलं की त्या घरी रंग घेऊन जायचं नाही. म्हणून सगळी गल्ली ढोल थांबवून, माना खाली घालून त्या दारावरून गेली. आपण फार समजूतदारपणे वागलो, असंच आम्हाला वाटलं.

दुपारी रंगलेलं तोंड घेऊन परतलो तर काकू ओट्यावर बसलेल्या. मांडीवर उघडा डबा, वरची जेली अजून गुळगुळीत.

"काहून रे, कोणीच आलं नाही?"

"काकू, काका गेले म्हणून..."

"काका माझे गेले. तुमच्या कातड्या गेल्या काय?"

मला रडू फुटलं. पायरीवर बसून मी गाल पुढे केला. मला पाहून एकेक जण येत गेला. पोरं "आंटी, हमको भी" करत भोवती जमली. काकू जेली चोळत होत्या, फडक्याने पुसत होत्या आणि कुरकुरत होत्या, "सकाळी आले असते तर एवढं घासावं लागलं असतं काय?"

त्यांना रंग लावायची छाती कोणाचीच झाली नाही. पण आमचे गाल पुसता पुसता त्यांचे हात मनगटापर्यंत गुलाबी झाले. सगळे गेल्यावर मी बादलीत पाणी आणून ठेवलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या आणि बराच वेळ ते हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.