मुदत संपल्यावरचे चार महिने

बाइंडरबाईंबद्दल मला खरं तर फारसं ठाऊक नाही. अकरा वर्षं त्या माझ्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत भाड्याने होत्या, तरी त्यांना बहिणी किती, हेही मी कधी विचारलं नाही. जुनी पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, नवा पुठ्ठा चढवायचा, हे त्यांचं काम. आमचा भाडेकरारही त्यांनी कापडी पुठ्ठ्यात बांधला होता. पानं दोनच, पण थाट ग्रंथाचा.

कराराची मुदत संपली. माझी मुलगी परत राहायला येणार होती, म्हणून नवा करार केला नाही. बाईंनी चार महिने मागितले. एका कॉलेजच्या ग्रंथालयाची दोनशे पुस्तकं त्यांच्याकडे सुटी होऊन पडली होती. शिवण्याआधी हलवली असती तर पानांची सरमिसळ झाली असती. मी हो म्हणालो. पुतण्याने मला बाजूला घेऊन बजावलं, की आता काही दुरुस्त करून देऊ नका, त्या आपोआप जातील.

त्याच आठवड्यात माझ्या मोरीचा पाइप त्यांच्या कामाच्या टेबलावर गळू लागला. प्लंबर बोलवावा तर पुतण्या रागावणार, न बोलवावा तर बाई. मी तिसराच मार्ग काढला. अर्ध्या बादलीत आंघोळ करू लागलो. माझं धाडस एवढंच.

बाई मात्र करार चालू असल्यासारख्याच वागत होत्या. खिडकीची बिजागरी सैल झाली, ती त्यांनी बसवली. हललेली फरशी पक्की केली. नवव्या दिवशी त्या वर आल्या. बोटांवर खळ वाळलेली, बगलेत तो करार.

"भाऊ, तुम्ही अर्ध्या बादलीत आंघोळ करताय ना?"

मी मान डोलावली.

"थेंब कमी झालेत, थांबले नाहीत. चार पुस्तकं भिजली. मुदत कागदाची संपलीय. मी राहतेय तोवर आतलं मी सांभाळणार, पाइप तुम्ही."

पुतण्या तिथेच चहा पीत होता. करारच नाही तर कुणाची कसली जबाबदारी, असं तो म्हणाला.

"का रे, भाड्याची सायकल परत द्यायला उशीर झाला, तर चाक वाकवून देतोस का?" बाईंनी त्याला विचारलं.

मी त्याच्यासमोरच प्लंबरला फोन केला.

भिजलेली पानं बाईंनी एकेक करून टिपकागदात वाळवली. त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. चौथ्या महिन्यात दोनशेच्या दोनशे पुस्तकं रवाना झाली. मग त्यांनी डाग पडलेली भिंत घासून रंगवायला घेतली. पाइप माझा होता, राहू द्या, असं मी चाचरत सांगून पाहिलं. पाइप तुमचा असेल, पण भिंत माझ्या ताब्यात होती, असं म्हणत त्यांनी ब्रश बुडवला.

टेम्पोत सामान चढलं. बाईंनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"आत जाताना जपून, रंग ओला आहे."

"बरं."

"उद्यापर्यंत वाळेल."