आमच्या घरात न बोलायचा शब्द

"ही मराठी काचेच्या कपाटात ठेवा हो. वर चिठ्ठी लावा, हात लावू नये म्हणून."

पुण्याहून आलेले पाहुणे सर असं म्हणाले आणि सगळे हसले. ज्यांना मराठीचं एक अक्षर कळत नाही, तेही हसले. पाहुणा हसला की हसायचं असतं. मी हातात कुपी धरून उभी होते.

कुंभकोणमच्या एका खाजगी कॉलेजातली ही प्रयोगशाळा. मी तिथे मदतनीस. बी.एस्सी. झालेली, पण काम बाटल्या घासायचं. वडील शिंपी. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले ते इकडचेच झाले. घरात विठोबा आणि मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. जी मराठी तिकडे जुनी झाली, ती आमची रोजची.

बाटल्या घासता घासता मी कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे चमकणारे अतिसूक्ष्म कण, करायला शिकले. विड्याच्या पानांचे खुडून टाकलेले देठ पाण्यात घालायचे, पोलादी डब्यात घट्ट बंद करून भट्टीत तापवायचे, मग गाळायचे. दिसायला पाणचट चहा. जांभळ्या दिव्याखाली धरला की निळा चमकतो. त्यात पानं धुतलेलं पाणी टाकायचं. पानांवर फवारणीचं औषध राहिलं असेल तर चमक जाते. नसेल तर राहते. एवढंच. हे करणारी मी, आणि कागदावर नावं दुसऱ्यांची. त्याचीही सवय झाली होती.

पण या खेपेला पानं माझ्या आईच्या हातची होती. आई इन्नंबूरजवळच्या पानमळ्यात विड्याच्या पानांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, बांधते. ओलं पान पानाला चिकटतं, म्हणून बोट जिभेला लावायचं आणि पान सोडवायचं. दिवसभर तेच. तिच्या बोटांची सालं निघतात. तोंड सदा आलेलं. भात गार करून गिळते. मालक म्हणतो, पाण्यानं होतं. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला तपासणीचा कागद हवा होता, म्हणून मालकानंच पानं पाठवली होती. आईच्या तोंडासाठी नव्हे.

मी मराठी आहे हे पाहुण्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरे वा! मग मराठीतच सांग, काय दिसतंय?"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? घराबाहेर मला कुणी कधी मराठीत प्रश्न विचारला नव्हता. जांभळा दिवा एका काळ्या पेटीत असतो, तिच्या फटीतून एका वेळी एकालाच दिसतं. मी कुपी आत ठेवली, डोळा लावला. आईच्या पानांचं पाणी पडलं आणि निळा उजेड गेला. कुट्ट अंधार.

"दिवा वाढला," मी म्हणाले.

आमच्या घरात दिवा विझला असं म्हणत नाहीत. अशुभ. बांगडी फुटत नाही, वाढते. तसा दिवाही वाढतो. लहानपणी एकदा 'विझला' म्हणाले तर आईनं तोंड धुवायला लावलं होतं.

मी कुपी बाहेर काढली. पाहुण्यांनी फटीला डोळा लावलाच नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "दिवा नव्हे बाई, फ्लुरोसन्स. दिवा म्हणे!" मग ते काचेच्या कपाटाचं बोलले. मग हसणं. मग म्हणाले, "पुढचं कुणा शिकलेल्याला वाचू दे. तू बाटल्या बघ."

मी बाटल्या बघितल्या.

दोन दिवसांनी टेबल पुसताना ती वही उघडी दिसली. इंग्रजीत लिहिलं होतं: चमक वाढली, पानांवर औषध नाही. खाली आमच्या विभागप्रमुखांची सही. माझा शब्द, आणि अर्थ त्यांचा.

मला तेव्हाच कळलं काय झालंय. तरी मी गप्प बसले. आपलं कोण ऐकणार, असं स्वतःला सांगत राहिले. खरं कारण वेगळं होतं. पुन्हा हसतील, याची भीती. माझी लाज मला आईच्या तोंडापेक्षा मोठी वाटली. हे लिहिताना आजही माझा मलाच राग येतो.

संध्याकाळी आई मळ्यातून आली ती खुशीत. "पान चोखट आहे म्हणून कागद आला गे. मालकाने भिंतीस लाविला." विठोबापुढे ठेवायला तिनं पदरातली पानं काढली. बोट जिभेला लावलं आणि पान सोडवलं.

पाहुण्यांच्या शेवटच्या दिवशी मी बाटल्या घासल्या नाहीत. आईच्या टोपलीतली पानं धुऊन ते पाणी नेलं. पडदे ओढले. पेटी बाजूला सारली आणि जांभळा दिवा उघड्यावर लावला. चमकत्या पाण्याच्या दोन कुप्या ठेवल्या. एकीत साधं पाणी टाकलं, ती चमकत राहिली. दुसरीत आईच्या पानांचं टाकलं. सगळ्यांनी पाहिलं.

"विझला," मी म्हणाले. जीभ जड झाली होती.

वही ओढून मी ती ओळ खोडली. इंग्रजीत लिहिलं, तमिळमध्ये लिहिलं, मराठीत लिहिलं: विझला. पानांवर औषध आहे. खाली माझी सही.

"तुला लिहायला कुणी सांगितलं?" विभागप्रमुख तमिळमध्ये ओरडले.

पाहुणे म्हणाले, "अगं, मग तेव्हाच नीट बोलायचं ना!"

"मी नीटच बोलले होते, सर. तुम्ही हसत होतात."

सोमवारपासून येऊ नको, असा निरोप आला. पान चोखट असल्याचा तो कागद अजून मळ्यातल्या भिंतीवर आहे. आईला सगळं सांगितलं तेव्हा तिनं आधी देवाकडे पाहिलं. "तो शब्द घरांत नको गे. देवापुढे दिवा आहे."

मी थकले आहे. भांडायचा उत्साह म्हणतात तो माझ्यात नाही. पण देठ आमच्या घरी ढीगभर आहेत, आणि त्या चमकत्या पाण्याची एक बाटली मी घरी आणली आहे. नोटा तपासायची जांभळी बॅटरी बाजारात मिळते. उद्या आईबरोबर मळ्यात जाणार. त्याच कागदाखाली उभी राहणार. बोट जिभेला लावणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातातलं पान मागून घेणार, तिच्या डोळ्यांसमोर कुपी धरणार.

देवापुढचा दिवा वाढू दे. कुपीतला हा विझला. मी विझलाच म्हणणार.