मेधाचं निळं सॉल्ट

आज सकाळी एक अंडं नासकं निघालं आणि त्या वासासरशी मी थेट बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलच्या दिवसात जाऊन पोचले.

परीक्षा संपवून मेधा आणि मी गिरगावातून घरी चाललो होतो. केसांना, ओढणीला लॅबमधल्या गॅसचा हाच वास. पुडीतलं सॉल्ट कोणतं ते ओळखायचं होतं.

"तुला काय आलं?" मेधाने विचारलं.

"झिंक."

"झिंक? अगं, कॉपर होतं! गेले तुझे मार्क."

फणसवाडीपर्यंत ती मला सगळ्या टेस्ट समजावत राहिली आणि घरी काय सांगायचं ते मी मनात जुळवत राहिले. मग कोपऱ्यावर एकदम लक्षात आलं, की प्रत्येकीला वेगळी पुडी दिली होती!

"मेधा, माझी पूड पांढरी होती गं."

"तेच तर सांगतेय," ती म्हणाली. "माझी निळी होती. म्हणजे तुझं चुकलंच."

असा संताप आला होता! आता मात्र त्याचं हसू येतं, असं लिहिणार होते, तेवढ्यात तिचाच फोन आला.

"तुझी बीपीची गोळी पांढरी? माझी गुलाबी आहे. तू डॉक्टर बदल."

मी वैतागून फोन ठेवला आणि गोळी उजेडात धरून नीट बघितली.